गाडीचा एसी चालूच होत नव्हता म्हणून घेतलेला मल्टीमीटर, १४ महिने वापरून मग लिहितोय

हा रिव्ह्यू साध्या डिजिटल मल्टीमीटरचा आहे. ऑटोरेंज, ६००० काउंटचा डिस्प्ले, व्होल्ट-ओहम-कंटिन्युटी (वाट जोडलेली असेल तर बीप वाजतो ते) आणि १० अँपिअरचं एक भोक, बस. याच बनावटीचे मीटर वेगवेगळ्या नावांनी विकले जातात म्हणून कंपनीचं नाव लिहीत बसत नाही. मी तो घेतला फक्त गाडीच्या एसीसाठी आणि वापरलाही जवळजवळ त्याच कामासाठी, त्यामुळे घरातल्या वायरिंगला कसा आहे, बाकी इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला कसा आहे ते मला विचारू नका. पण बटण दाबलं, दिवा लागला, ब्लोअर फिरतोय आणि तरी एसी लागत नाहीये, अशा वेळी हा मीटर कुठपर्यंत साथ देतो आणि कुठे फसवतो हे मात्र मी पक्कं सांगू शकतो.

झालं असं की बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, भर दुपार, आणि एसी लागलाच नाही. बटणावरचा दिवा लागला, हवा येतेय पण गरम, आणि एसी लागताना बोनेटखालून जो एक टक्क आवाज येतो ना तो आलाच नाही. बाबा मागे बसून काही बोलले नाहीत, फक्त शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि मला फार वाईट वाटलं कारण त्याच महिन्यात मी दोनदा गॅरेजला जाऊन गॅस भरून आणला होता. दोन्ही वेळा दोन-तीन दिवस एसी मस्त चालला आणि मग परत तेच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सांगितलं की कॉम्प्रेसर गेलाय, बदलावा लागेल. गाडी तशीच परत घेऊन आलो आणि त्याच आठवड्यात हा मीटर घेतला.

आधी गॅसचं सांगतो कारण सगळ्यांची पहिली उडी तिथेच जाते. गॅस संपला तर एसी चालू होत नाही हे अगदी खरंय, कारण लाइनमध्ये एक प्रेशर स्विच असतो आणि प्रेशर साधारण २ बारच्या (जवळजवळ ३० पीएसआय) खाली गेलं की तो कॉम्प्रेसरला लागूच देत नाही, आणि ते बरोबरच आहे कारण कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही तर ऑइल नाही आणि ऑइल नाही तर कॉम्प्रेसर जाम. पण गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद सिस्टिम आहे ती, होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो तेवढाच. महिन्यात दोनदा संपला तर लीक आहे, आणि लीक न शोधता परत भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं.

आणि माझ्या बाबतीत तर गॅस होताच! दुसऱ्या वेळी गेज लावला तेव्हा मी शेजारीच उभा होतो, इंजिन बंद, आणि दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या जवळ. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आर-१३४ए गॅसचं हे असं असतं की सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तर बंद गाडीत प्रेशर हे तापमानावर ठरतं, ३० डिग्रीला साधारण ९७ पीएसआय, ३५ ला ११४ च्या आसपास. त्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही, पूर्ण भरलेला असो वा अर्धा, काटा तिथेच राहतो, पण एवढं नक्की कळतं की लो प्रेशरमुळे स्विचने एसी अडवलेला नाहीये. म्हणजे भानगड करंटची होती आणि आम्ही तो गॅस काढून परत गॅस भरत होतो.

तर मीटर आला. बॉक्समध्ये मीटर, लाल-काळ्या वायरी, सेल आणि एक पत्रकवजा माहिती. क्रोकोडाइल क्लिपा नाहीत, आणि ही माझी या प्रॉडक्टबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे, कारण गाडीत काम करताना तिसरा हात नसतो, एक पिन बॅटरीवर धरायची, दुसरी खाली कॉम्प्रेसरपाशी, आणि डिस्प्ले बघायचा कुणी? मी क्लिपा वेगळ्या आणल्या.

पहिल्या संध्याकाळी फ्यूज. फ्यूज काढायचीही गरज नाही, ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन आधी एका ठिपक्यावर मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे १२ च्या वर आलं तर फ्यूज चांगला, एकीकडेच आलं तर उडालेला, दोन्हीकडे शून्य आलं तर तिथपर्यंत सप्लायच आलेला नाही (काही फ्यूजना चावी ऑन केल्यावरच सप्लाय येतो, ते बघून घ्या). माझ्याकडे दोन्ही ठिपक्यांवर १२.५. मीटरच्या पिना टोकाला छान अणकुचीदार आहेत, त्या ठिपक्यांवर नीट बसतात, स्वस्त मीटरच्या बोथट पिना घसरतात तसं होत नाही. एक गोष्ट इथेच सांगतो, उडालेला फ्यूज सापडला तर त्याच नंबरचा टाका, लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, लालच्या जागी पिवळा टाकून काम भागवू नका, फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. आणि नवा टाकल्या टाकल्या तोही उडाला तर तिसरा टाकू नका, कुठेतरी वायर बॉडीला टेकलीये किंवा कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल शॉर्ट आहे (क्लच म्हणजे काय ते पुढे सांगतो).

मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बोनेटखालच्या डब्यात एसीचा रिले असतो आणि बहुतेक वेळा अगदी तसाच, तोच नंबर लिहिलेला रिले हॉर्नला किंवा दुसऱ्या कशाला तरी लावलेला असतो, दोन्ही अदलाबदल करून बघायचे, यासाठी मीटरही लागत नाही. मी अदलाबदल केली, हॉर्न वाजला, एसी नाही लागला. म्हणजे रिले ठीक. तरीपण नवीन मीटरची हौस म्हणून रिलेची कॉइल मोजली, ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमध्ये ८० च्या आसपास ओहम, जे योग्यच आहे.

यानंतरची स्टेप नीट वाचा कारण सगळा खेळ तिथे आहे. रिले काढला की खालच्या सॉकेटमध्ये चार खाचा दिसतात. ३० नंबरला बॅटरीचा सप्लाय, ८७ मधून तो क्लचकडे जातो, ८५-८६ ही रिलेच्या कॉइलची बाजू आणि तिचं एक टोक बहुतेक गाड्यांत ईसीयूकडे (गाडीच्या कॉम्प्युटरकडे) जातं, तिकडे वायर घालायची नाही म्हणजे नाही. इंजिन बंद ठेवून, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज लावलेली एक छोटी वायर ३० आणि ८७ मध्ये जोडली की क्लचला सरळ करंट मिळतो आणि टक्क आवाज यायला हवा. इंजिन बंद असल्यामुळे पट्टा फिरत नसतो, हात-बाही अडकायची भीती नाही आणि कॉम्प्रेसरही फिरत नाही, त्यामुळे गॅस असो-नसो काही बिघडत नाही. हेच चालू इंजिनवर करू नका, असं डायरेक्ट दिलं की सगळे प्रेशर स्विच बाजूला पडतात आणि गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून खलास.

आवाज आला असता तर दोष रिलेच्या अलीकडे, म्हणजे बटण, प्रेशर स्विच, सेन्सर, ईसीयू या बाजूला होता. नाही आला, म्हणजे दोष रिले ते क्लच या वाटेवर. एका वायरीने अर्धी गाडी संशयातून बाहेर काढली.

क्लच म्हणजे काय तेही थोडक्यात सांगतो, कारण अनेकांना कॉम्प्रेसर आणि क्लच एकच वाटतं. पट्ट्यावर फिरणारी पुली इंजिन चालू असेपर्यंत कायम फिरत असते, कॉम्प्रेसरचा दांडा मात्र स्थिर असतो. पुलीच्या मागे एक चुंबकाची कॉइल असते, तिला करंट मिळाला की ती समोरची चकती ओढून पुलीला चिकटवते आणि मग दांडा फिरतो, तोच तो टक्क आवाज. चकती आणि पुलीत अंतर अर्धा मिलिमीटरच्या आसपासच असतं. (पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये गाडीत पहिल्यांदा एसी दिला तेव्हा हा क्लच नव्हताच, एसी बंद करायचा तर बोनेट उघडून पट्टा काढावा लागायचा. हे वाचल्यापासून या छोट्याशा कॉइलबद्दल मला वेगळाच आदर वाटतो.)

तर मी गाडीखाली वाकून क्लचचा प्लग काढला. माझ्या गाडीत दोन वायरीचा प्लग आहे, एक सप्लाय, एक अर्थ. काही गाड्यांत एकच वायर असते आणि अर्थ कॉम्प्रेसरच्या बॉडीतून मिळतो. रिलेच्या जागी ती फ्यूजवाली वायर तशीच जोडलेली, मीटर व्होल्टवर, प्लगच्या दोन पिनांमध्ये पिना लावल्या. १२.४ व्होल्ट. पूर्ण सप्लाय! म्हणजे वायरिंग चांगलं, मग कॉइल गेली असणार. कॉइल मोजली, ४.० ओहम, त्यातून मीटरच्या स्वतःच्या वायरींचे ०.३ वजा केले (दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या की जो आकडा येतो तो), उरले ३.७. बारा व्होल्टच्या क्लचची कॉइल साधारण ३ ते ५ ओहमच असते. म्हणजे कॉइलही चांगली. मग अर्थ बघितला, मीटर कंटिन्युटीवर टाकला, एक पिन प्लगच्या अर्थवर, एक बॅटरीच्या मायनसवर, लगेच बीप. अर्थही चांगला.

सप्लाय आहे, अर्थ आहे, कॉइल आहे आणि क्लच ओढत नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, मनात सारखं येत होतं की गॅरेजवाला म्हणतो तेच खरं असेल, क्लचच यांत्रिकरीत्या गेला असेल.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोठ्या मेव्हण्यांना फोन केला, ते आयुष्यभर ऑटो इलेक्ट्रिशियन होते, आता काम करत नाहीत. सगळे आकडे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "प्लग काढून मोजलंस की लावून?" म्हटलं दादा, काढून. "मग तू रिकाम्या नळाचं प्रेशर मोजलंस. प्लग लाव, लोड येऊ दे, आणि मागून पिन घालून मोज. आणि बीपवर विश्वास ठेवू नकोस, आकडा बघ."

प्लग लावला, रबराच्या मागच्या बाजूने वायरीच्या कडेने एक बारीक टाचणी आत सरकवली, तिला क्लिप लावली आणि परत ३०-८७ जोडलं. बॅटरीवर १२.३. आणि कॉइलच्या दोन टोकांमध्ये ३.९ व्होल्ट. फक्त ३.९! क्लचला ओढायला सात-आठ व्होल्ट तरी लागतात. उरलेले कुठे गेले? लाल पिन कॉइलच्या अर्थच्या बाजूला, काळी थेट बॅटरीच्या मायनसवर, आणि डिस्प्लेवर ८.२. जिथे जवळजवळ शून्य यायला हवं तिथे ८.२ व्होल्ट खाल्ले जात होते. सापडलं! मी अक्षरशः ओरडलो, बायको बाहेर आली काय झालं बघायला.

अर्थची वायर धरून मागे मागे गेलो तर ती इंजिनच्या खालच्या बाजूला एका बोल्टखाली, बॅटरी ट्रेच्या सावलीत, जिथे वरून हात घातल्याशिवाय दिसणारच नाही अशा ठिकाणी कसलेली होती. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट काढला. वायरीच्या टोकाला बोल्टसाठी जी गोल चकती असते तिच्यावर हिरवट पांढरी भुकटी जमलेली, बोटाने चोळली तर पिठासारखी निघाली, आणि चकती जिथे वायरीवर दाबलेली असते तिथे तारा काळ्या पडलेल्या, बऱ्याच तुटलेल्या, चार-पाचच धरून होत्या. नवीन चकती दाबून बसवली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, कसलं, वरून ग्रीस लावलं. परत जोडलं. टक्क. अर्थवरचा ड्रॉप, म्हणजे वाटेत खाल्ले जाणारे व्होल्ट, फक्त ०.०५. इंजिन चालू करून एसी लावला आणि थोड्याच वेळात जाळीतून गार हवा यायला लागली.

मग गॅस भरल्यावर दोन-तीन दिवस का चालायचा तेही कळलं. गॅरेजमध्ये गॅस भरताना तो मुलगा तिथेच हात घालून वायरी हलवायचा, कॉम्प्रेसर चालवून बघायला, त्या हलवण्याने तारा पुन्हा टेकायच्या आणि दोन-तीन दिवस धरून राहायच्या. श्रेय गॅसला जायचं. त्या मुलाने मुद्दाम फसवलं असं मला आजही वाटत नाही, पण मीटर हातात न घेता कॉम्प्रेसर बदला म्हणणं चूक होतं, आणि एवढं महागाचं काम वायरीच्या एका चकतीसाठी झालं असतं याचा राग आहे.

आता मीटरकडे परत येतो कारण रिव्ह्यू त्याचा आहे. प्लग काढून १२.४ दाखवणं ही मीटरची चूक नव्हती, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. डिजिटल मीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या घरात असतो, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो १२ दाखवणार. क्लचला मात्र सव्वातीन अँपिअर हवे असतात, ते एका तारेतून जात नाहीत. आणि बीपचं म्हणाल तर या मीटरचा बीप ३०-४० ओहमपर्यंत वाजतो, मी नंतर तपासून बघितलं. माझ्या खराब जोडाचा हिशोब केला तर ८ ओहमच्या आसपास येतो. कॉइल ३.७ ची आणि अर्थ ८ चा, क्लच कसा ओढेल? पण मीटरच्या दृष्टीने ८ ओहम म्हणजे बीप. पत्रकात हे एका ओळीत बारीक अक्षरात आहे, ते ठळक असायला हवं होतं, गाडीवाल्यांसाठी तर पहिल्या पानावर.

म्हणून माझं ठाम मत आहे की एसीच्या कामाला नुसता मीटर घेऊ नका, सोबत एक १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प ठेवा. मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी जोडून बनवला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, प्लगच्या दोन पिनांमध्ये लावला की वाट खरी असेल तर झगझगीत पेटतो, खोटी असेल तर नुसता लालसर होतो. तो खराब जोड मी फेकला नव्हता, मुद्दाम परत लावून बघितला, मीटर म्हणतो १२.४ आणि बल्बची तार कशीबशी लाल. मीटरने जिथे तासभर डोकं खाल्लं ते बल्बने दोन सेकंदात दाखवलं असतं. पण हा बल्ब फक्त क्लच, ब्लोअर, फॅन अशा जाड वायरींवर. सेन्सरच्या, ईसीयूच्या बारीक वायरींवर बल्ब लावला तर तो एवढा करंट खेचतो की आतलं काहीतरी जळू शकतं, तिथे मीटरच वापरायचा. आणि पिवळ्या रंगाचा प्लग दिसला तर तो एअरबॅगचा असतो, त्याला मीटरही नको, बल्बही नको, हातही नको.

त्यानंतर १४ महिन्यांत आणखी तीन गाड्यांवर वापरला. मावशीच्या गाडीत ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवरच चालायचा, तो ब्लोअरचा रेझिस्टर निघाला, पाच मिनिटांचं काम. मित्राच्या गाडीत खरंच गॅस संपला होता, प्रेशर स्विचचा प्लग काढून स्विच मोजला तर उघडा, कितीही वेळ बीप नाही, ओहमला काहीच आकडा नाही. त्याला म्हटलं आता माझं काम संपलं, आता लीक शोधणाऱ्याकडे जा आणि आधी लीक मगच गॅस. कंडेन्सरला (एसीची पुढची जाळी) खाली खडा लागून बारीक भोक पडलं होतं.

तिसरी केस मला सगळ्यात आवडली. शेजारच्या काकांची गाडी, फ्यूज ठीक, रिले ठीक, ३०-८७ जोडलं तर क्लच टक्क करतो, गॅस व्यवस्थित, पण बटण दाबलं की ईसीयू रिलेला हुकूमच देत नाही. इव्हॅपोरेटरपाशी (आतली हवा गार करणारी जाळी) एक तापमानाचा सेन्सर असतो, बर्फ धरू नये म्हणून तो शून्याच्या थोडं वर असतानाच कॉम्प्रेसर थांबवतो. हा थर्मिस्टर असतो, थंडी वाढली की रेझिस्टन्स वाढतो, आणि वायर तुटली तर रेझिस्टन्स अमर्याद, म्हणजे ईसीयूला वाटतं आत कडाक्याची थंडी पडलीये, मग तो एसी लावू देत नाही. मीटर ओहमवर टाकला, सेन्सर उघडा. काका उन्हात घाम पुसतायत आणि गाडीला वाटतंय आत बर्फ आहे! नवीन सेन्सर टाकला, एसी सुरू. खरं सांगायचं तर इथे मीटरआधी स्कॅनर (ईसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) लावला असता तर त्याने सेन्सरचा उणे चाळीस डिग्रीचा खोटा आकडा आधीच दाखवला असता, आणि इंजिन गरम आहे म्हणून, बॅटरीचा व्होल्टेज कमी आहे म्हणून, किंवा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलाय म्हणून ईसीयूने एसी कापलाय का हेही त्यातच कळतं. तेवढं मीटरकडून मागू नका.

मागू नये अशी अजून एक गोष्ट म्हणजे नव्या गाड्या. बऱ्याच नव्या गाड्यांत साध्या प्रेशर स्विचऐवजी तीन वायरींचा सेन्सर असतो, ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल, त्याला बीप लावून काही कळत नाही, सिग्नलचा व्होल्टेज बघावा लागतो. काही गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला एक व्हॉल्व्ह काम कमीजास्त करतो, तिथे टक्क आवाजाची वाट बघत बसलात तर आयुष्यभर येणार नाही. आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत केशरी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की मीटर खिशात ठेवा आणि बोनेट बंद करा, तो हाय व्होल्टेज कॉम्प्रेसर आहे, जीव जाईल. गॅसही बदललाय, युरोपात २०१७ पासून सगळ्या नव्या गाड्यांत आर-१३४ए बंद आहे कारण त्याचा वातावरणावरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरला जातो, त्याजागी आर-१२३४वायएफ आलाय आणि तो थोडा ज्वलनशील आहे. गॅसची बाजू मी म्हणूनच कधी हातात घेत नाही, ती यंत्रं असलेल्यांचं काम.

मीटरचे बाकी दोष. बॅकलाइट १५ सेकंदांत जातो, गाडीखाली झोपलेले असताना प्रत्येक वेळी बटण दाबायला हात कुठून आणायचा? मागे लोहचुंबक नाही, स्टँड आहे पण बोनेटच्या उतारावर टिकत नाही. वायरी कडक आहेत, थंडीत तर काठीसारख्या होतात, मी आता मऊ सिलिकॉनच्या लावल्यात. आणि करंट मोजायचं भोक व्होल्टच्या भोकाच्या अगदी शेजारी, ना वेगळा रंग ना झाकण. एकदा क्लचचा करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्याच भोकात राहिली आणि तशीच बॅटरीवर लावली, मोठी ठिणगी, पिनेचं टोक वितळलं, आतला फ्यूज गेला. फ्यूज होता म्हणून मीटर वाचला, हा त्याचा मोठा गुण, आणि तो चांगला सिरॅमिक फ्यूज आहे. बदलताना काचेचा टाकू नका, तसाच टाका.

आकड्यांचा नेमकेपणा उत्तम. मेव्हण्यांच्या जुन्या भारी मीटरशी ताडून बघितलं, बॅटरीवर त्यांचा १२.५८ आणि माझा १२.५७. दोनदा हातातून फरशीवर पडला, रबरी कव्हरमुळे काही झालं नाही. सेल अजून तेच आहेत.

५ पैकी ४ स्टार. एक स्टार कापला तो क्लिपा न दिल्याबद्दल आणि बीपची मर्यादा लपवून छापल्याबद्दल. घ्यायचा असेल तर क्लिपा आणि दोन बारीक टाचण्या त्याच दिवशी घ्या, इंडिकेटरचा जुना बल्ब असेल तर टाकू नका. माझा जुना गंजलेला जोड मी मीटरच्या पाउचमध्येच ठेवलाय, कुणी एसीची तक्रार घेऊन आलं की आधी तो हातात देतो. बाबांना परवा परत दवाखान्यात नेलं, निम्म्या वाटेत म्हणाले, "अरे जरा कमी कर, गार लागतंय."